ऊन जात्याला लागेपर्यंत

आमच्या कमळाकरचं लग्न झालं ते साल १९७७. वैशाखात कोपरखैरण्याची पुतळा सून होऊन तळवलीत आमच्या घरी आली. त्याच पावसाळ्यात आम्ही आमच्या खारजमिनीत शेवटचा भात लावला. मग सरकारने नव्या शहरासाठी ती जमीन घेतली, आणि पुढच्या वर्षापासून तिथे भरावासाठी मुरुमाच्या गाड्या रिकाम्या होऊ लागल्या. कमळाकर ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात लागलेला होता, त्यामुळे खाण्यापिण्याचे हाल झाले नाहीत. हाल झाले ते वेगळेच. पुतळाचं पहिलं पोट त्याच साली दिवाळीनंतर पडलं, तिसऱ्या महिन्यात. दुसरं पुढच्या साली, चौथ्या महिन्यात. तिसऱ्यांदा तिला दिवस गेल्याचं १९७९ च्या गणपतीत कळलं, आणि घरात कोणी आनंदाने बोललं नाही. मी गणपतीसमोर हात जोडले तेव्हाही माझे डोळे नणंदेकडे होते.

नणंद म्हणजे मुक्ताबाई, माझ्या मालकांची थोरली बहीण. मालक जाऊन आठ वर्षं झाली होती, मुक्ताबाई घरातच होती. विशीत विधवा होऊन माहेरी आली ती परत कुठे गेली नाही. तळवलीपासून ऐरोलीपर्यंतच्या बायका तिच्याकडे औषधाला येत. कोणाची पाळी चुकलेली, कोणाच्या अंगावरून फार जातंय, कोणाची पांढरं जाऊन कंबर धरलेली, कोणाला पोर राहत नाही, कोणाला दूध उतरत नाही. मुक्ताबाई ओटीवर बसवून घेई, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघे, नखं बघे, पोट चाचपे, आणि मग आतून कागदाची पुडी आणून देई. पुडीत काय आहे ते सांगत नसे. झाडाचं नाव घेतलं की गुण जातो, असं तिचं म्हणणं. मुळं काढायला जाई तेव्हा कोणाला सोबत नेत नसे, आणि वाटेत कोणी हाक मारली तर त्या दिवशी रिकामी परत येई.

तिचे आणखी दोन नियम होते. औषध देताना चिमूटभर आधी स्वतःच्या जिभेवर ठेवायचं, गिळायचं, आणि मग समोरचीला द्यायचं, हा पहिला. दुसरा पोटुशी बाईसाठी. सकाळी औषध घेतलं की मधल्या भिंतीला पाठ लावून पाय पसरून बसायचं. पूर्वेच्या खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवरून उतरत खाली जात्याला लागेपर्यंत उठायचं नाही.

"मधीच उठलीस तर औषद पायात उतरंल," ती सांगे. आणि दिवसभरात पाण्याच्या तांब्याहून जड काही उचलायचं नाही.

बायका तिचं ऐकत. मला मात्र तिच्या हाताची भीती वाटत होती. का, ते इथेच सांगते, नाहीतर माझं पुढचं वागणं कळणार नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सोळा वर्षांची होते. त्याच वर्षी मुक्ताबाईचा नवरा मिठागरात साप चावून गेला. ती माहेरी आली तेव्हा तीन महिन्यांची पोटुशी होती. आमच्यात विधवेचा पाट लागतो. सासूबाईंनी एक बिजवर पाहून ठेवला. तो म्हणाला, बाई चालेल, दुसऱ्याचं पोर नको. एका सकाळी सासूबाईंनी काढा उकळला, वाटीत गाळला आणि वाटी माझ्या हातात दिली.

"माज्या हातून ती घ्यायची नाय," त्या म्हणाल्या. "तू दे. पाठीला हाय म्हनून सांग."

मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं. मी वाटी नेली, "वन्सं, घ्या, पाठीला बरं हाय," म्हणाले, आणि तिने माझ्याकडे बघून ती रिकामी केली. पुढे चार दिवस ती जगते की मरते असं झालं. पोर गेलं. बिजवराने वाट न बघता दुसरीकडे पाट लावला.

मुक्ताबाई उठून चालायला लागली तशी डोंगरातल्या एका म्हाताऱ्या ठाकरणीकडे जाऊ लागली, आणि तिच्याकडून झाडपाला शिकली. कशासाठी शिकते, ते तिने सांगितलं नाही. वाटीबद्दल चाळीस वर्षांत एक शब्द काढला नाही. भांडली असती, झिंज्या धरल्या असत्या, तर मी सुटले असते. ती गप्प राहिली, आणि मी तिच्या गप्प राहण्याकडे बघत म्हातारी झाले.

आता माझ्या सुनेची पोटं पडत होती, आणि माझ्या सुनेला औषध तीच देत होती.

पहिल्या वेळी औषध नव्हतं, हे खरं. पण दुसऱ्या वेळी दुसऱ्या महिन्यापासून पुडी चालू होती आणि तरी पोट पडलं. मुक्ताबाई तेव्हा एवढंच म्हणाली, "भावाच्या हळदीला नाचायला गेली. बसली नाय ती." मला ती सबब वाटली.

तिसऱ्या वेळी पुन्हा पुडी सुरू झाली. रोज सकाळी मुक्ताबाई फळीवरचा पत्र्याचा डबा काढी, तपकिरी पूड आधी आपल्या जिभेवर, मग पुतळाच्या तळहातावर, वर कोमट पाणी. मी चुलीपाशी बसून बघत असे. बायका म्हणत, बघा, आधी स्वतः खाते, किती भरवशाची. मला वाटे, पोट पाडणारं औषध बासष्ट वर्षांच्या विधवेचं काय बिघडवणार? ती ओंजळभर खाईल नि पचवील. बाधायचं ते माझ्या सुनेला बाधेल.

पुतळा आपली हसतमुख. भिंतीला टेकून बसे नि तिथून बोलत राही. "आत्या, आज ऊन लंगडतंय वाटतं. जात्यापरत येतच नाय." मुक्ताबाईला ती आत्या म्हणे आणि मला आय.

"तुजी जीभ लंगडत नाय ते बरं हाय," मुक्ताबाई म्हणे.

दोघी हसत. माझ्या सुनेचं तिच्याशी इतकं जमावं, हेही मला बरं दिसत नव्हतं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर गावच्या देवळाच्या मंडपात प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला. दुपारी तीन ते पाच. वाशीच्या नव्या वसाहतीतून सुचित्राबाई शिकवायला येत. तिशीच्या, सातारकडच्या, बोलायला मोकळ्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी पाटी घेतली, आणि संक्रांतीपर्यंत माझं नाव, गावाचं नाव आणि दुकानावरच्या पाट्या मला लागू लागल्या. अक्षर लागायला लागलं तसं मला एक नवीनच व्यसन लागलं. प्रत्येक डब्यावर, बाटलीवर काय लिहिलंय ते बघायचं. आमच्या फळीवरच्या पत्र्याच्या डब्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

एकदा मी त्यातली दोन चिमूट पूड कागदात बांधून वर्गात नेली. वर्ग सुटल्यावर सुचित्राबाईंना सगळं सांगितलं, वाटीची गोष्ट सोडून. तेवढ्यात त्यांचे यजमान श्यामसुंदर स्कूटर घेऊन त्यांना न्यायला आले. ते औषधाच्या एका कंपनीत होते.

"अहो, जरा बघा बरं हे," सुचित्राबाईंनी पुडी त्यांच्या नाकापुढे धरली. "कशाची पूड असेल?"

त्यांनी हुंगली आणि दोनदा शिंकले. "मावशी, मी कंपनीत हजेरीच्या खात्यात आहे. कोण आला, कोण नाही ते सांगेन. पुडीत काय आलंय ते कसं सांगू?"

"चेष्टा पुरे," सुचित्राबाई म्हणाल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "गोजरामावशी, ज्याचं नाव सांगत नाहीत ते पोटात जाऊ देऊ नका. हे बंद करा आणि सुनेला डॉक्टरकडे न्या. दोन्ही करा हं. एक करून दुसरं सोडू नका."

मी मान हलवली. डॉक्टरकडे नेणं राहिलं. कमळाकरची कारखान्यातली पाळी बदलत होती, वाशीचा डॉक्टर पुरुष होता, पुतळा लाजत होती, आणि सहावा महिना लागला होता म्हणजे पडायची भीती गेली असं मला वाटत होतं. पण पूड बंद करणं माझ्या हातात होतं.

मुक्ताबाईसमोर डबा फेकून देण्याची हिंमत मला झाली नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती एका बाळंतिणीला शेकायला शेजारी गेली तेव्हा मी दोन मुठी तांदूळ तव्यावर भाजले, रंग यावा म्हणून जरा करपवलेच, जात्यावर बारीक दळले, त्यात मिरपूड नि सुंठ मिसळली. डब्यातली पूड काढून मागच्या चिखलात टाकली आणि डबा माझ्या पिठाने भरला. रंग जुळला. हात धुतले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, की मी या घरात काहीतरी चांगलं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताबाईने डबा काढला. चिमूट जिभेवर ठेवली. तिचं तोंड हललं आणि थांबलं.

मी चुलीत फुंकणी घातली. फुंकता येत नव्हतं. ती आता माझ्याकडे बघेल, मला विचारेल, डबा आपटेल, असं मला वाटलं. तिने डब्यात बघितलं. मग झाकणाची कड पदराने पुसली. मग गिळलं.

"घे बाय," ती पुतळाला म्हणाली आणि पूड तिच्या तळहातावर ठेवली. "नि बस निवांत."

मी दिवसभर विचार करत राहिले. तिला कळलंच नसेल, तर मग ती कसली औषधवाली? आजवर काय दिलं तिने बायकांना? आणि कळलं असेल, तर ओरडली का नाही? ज्याचं चांगलं औषध कोणी चोरलं, तो ओरडतो. वाईट वस्तू चोरीला गेली तरच माणूस गप्प बसतो. मी हे असं लावून पाहिलं, तसं लावून पाहिलं. दोन्हीकडून मुक्ताबाईच चुकीची निघत होती. मला बरं वाटलं.

ती रोज त्याच गंभीर चेहऱ्याने माझं करपलेलं पीठ चाखत होती नि पुतळाला देत होती. पुतळा रोज भिंतीला टेकून बसत होती. आता मला ते बघवेना. आत विष नाही, औषध नाही, नुसतं तांदळाचं पीठ आहे हे मला ठाऊक होतं, आणि त्या पिठापायी माझी धडधाकट सून सकाळच्या कामाच्या वेळी पाय पसरून बसणार, आणि मी साठीला आलेली बाई विहिरीवरून हंडे आणणार.

विहिरीवर भिमाबाई भेटे. ती आमच्या शेजारची, जिभेची तिखट. एक दिवस माझ्या डोक्यावर हंडा चढवताना म्हणाली, "काय गो गोजरे, सून बसते नि सासू वाहते? तुमच्या घरात उलटी हळद लागली काय?"

बाकीच्या बायका फिदीफिदी हसल्या. मी घरी येऊन हंडा आपटला.

"उठ गो पुतळा. सातवा लागंल आता. आमी सातव्यात लावनी केली."

पुतळाने मुक्ताबाईकडे बघितलं. मुक्ताबाई दारात सुपारी कातरत होती.

"गोजरे, बसू दे तिला."

"औषद घेतलं ना तिनं? मंग झालं की."

"औषद पोटात जातं. लागतं ते बसल्यानं."

"वन्सं, आमाला कोनी बसवलं नाय. आमची व्हायची ती झाली."

मुक्ताबाईचा अडकित्ता थांबला.  मला वाटलं, आता ती वाटीची गोष्ट काढेल. ती म्हणाली, "पानी मी आनते. तू पन बस."

आणि खरंच ती उठली नि कळशी घेऊन गेली. पुढचे आठ-दहा दिवस तिने पाणी भरलं. गावात बोभाटा झाला, की गोजरा म्हाताऱ्या नणंदेकडून पाणी भरून घेते. मला त्यातही डाव दिसला.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ऐरोलीहून मुक्ताबाईला बोलावणं आलं. एका बाईचं बाळंतपण अडलं होतं. पोर झाल्यावरही ती दोन दिवस राही, अशी तिची पद्धत. निघताना तिने पुतळाला डबा दाखवला.

"तुज्या हातानं घे दोन दिस. नि बस. ऊन जात्याला लागंपरत."

मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिची उंची माझ्याहून कमी होती, तरी मला वर बघितल्यासारखं वाटलं.

"गोजरे, तिला उठवू नको," ती म्हणाली. "मी येईन मंगळवारी नायतर बुधवारी."

एवढंच. ती गेली आणि मला तिच्या त्या बोलण्याचा राग आला. माझ्या घरात, माझ्या सुनेबद्दल.

मंगळवारी सकाळी मी सारवण काढलं. शिमगा चार दिवसांवर आला होता, आणि शिमग्याला आमच्यात घर आतून-बाहेरून सारवलेलं लागतं. एकटीने होण्यासारखं काम नव्हतं. पुतळा पूड घेऊन भिंतीला टेकली होती.

"पोरी, चल, पानी आन. मी शेन कालवते."

"आय, आत्यांनी सांगितलंय..."

"आत्या घरात हाय काय? काय व्हत नाय. त्या पुडीत काय नाय, मी सांगते तुला."

"काय नाय म्हंजे?"

"म्हंजे काय नाय. उठ."

ती उठली. खोटं कशाला सांगू, ती खुशीनेच उठली. "बरं झालं, पाय आखडले व्हते माजे," म्हणाली नि हंडा-कळशी घेऊन निघाली. विहिरीवर बायकांनी तिची थट्टा केली, ती हसत परत आली. दुपारपर्यंत तिने पाणी आणलं, मी पडवी, ओटी, मधलं घर सारवलं. शेवटी शेवटी ती कंबरेवर हात ठेवून उभी राहत होती. मी बघितलं आणि बोलले नाही. थोडंच राहिलं होतं.

चार वाजता ती न्हाणीतून बाहेर आली ती भिंत धरून. लुगडं भिजलं होतं. नुसत्या पाण्याने नाही.

"आय," ती म्हणाली, "मना कायतरी व्हतंय."

ओल्या सारवणावर तिच्या पायांचे ठसे उमटत गेले. मी ओरडत बाहेर पळाले. समोरचा गोटीराम नुकताच मुरुमाचा ट्रक रिकामा करून जेवायला आला होता. तो हात न धुता उठला. आम्ही पुतळाला ट्रकच्या पुढच्या बाकावर घातलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर. ठाणे येईपर्यंत गोटीराम एकच गोष्ट विचारत होता, "मामी, कितवा? मामी, कितवा?" मी "सातवा, सातवा" म्हणत होते, जणू सातवा म्हटल्याने काही ठरणार होतं.

पुतळा दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी बाळंत झाली. मुलगी. एका हातात मावेल एवढी. रडली, पण मांजराच्या पिलासारखी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरीण बाईने मला बाजूला घेऊन विचारलं, "हिला आराम नव्हता का? तीन महिन्यांपूर्वीच आणायचं होतं. आम्ही झोपवूनच ठेवलं असतं." मी कमळाकरकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

दहाच्या सुमाराला मुक्ताबाई आली. निरोप मिळताच ऐरोलीहून परस्पर. दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी बसले होते, ती येऊन एक पायरी खाली बसली. वर जाऊन पुतळाला नि पोरीला बघून आली होती, ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"किती हंडे?" तिने विचारलं.

"सात-आठ."

"गोजरे."

"चौदा," मी म्हणाले.

तिने पदर गुडघ्यांवर ओढून घेतला. मग म्हणाली, "तांदूळ करपले व्हते. चाळीस वरसं या घरात हायेस, भाजायला येत नाय तुला."

मी तिच्याकडे वळले. "तुमाला ठावं व्हतं?"

"जिभेला कळतं."

"मंग बोलल्या का नाय? आं? का नाय बोलल्या?"

"काय बोलू? तांदळानं काय व्हतं? पोट भरतं." ती पायरीवरची धूळ बोटाने सारत होती. "मी वरड केली असती तर तू तिला माज्याजवल बसू दिली नसतीस. ती बसत व्हती. मना तेवढंच पायजे व्हतं. दोन-दोन तास बसवायला कायतरी द्यावं लागतं हातावर. नुसतं बस म्हटलं, तर कुठली सासू बसू देल?"

"मंग त्या पुडीत..."

"असतं थोडं कायतरी. ताकदीला."

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती खरं बोलतेय की मला जन्माची बोच लावून ठेवतेय, ते मला ओळखू येईना. वयाने तिचे डोळे पांढुरके झाले होते, त्यांत काही दिसत नव्हतं. मग माझ्याच्याने राहवलं नाही.

"वन्सं, ती वाटी. सासूबाईंनी दिली व्हती. पन मना ठावं व्हतं तिच्यात काय हाय ते."

"कुठली वाटी?" मुक्ताबाई म्हणाली.

"पाठीचं म्हनून..."

"मना नाय आठवत," ती म्हणाली आणि उठली. "पुतळाला पेज लागंल. कमळाकरला सांगते."

मी मागोमाग गेले. फाटकाबाहेर चहाची गाडी होती. मी दोन ग्लास चहा घेतला आणि एक तिच्यापुढे धरला. तिने ग्लास घेतला नाही. "राहू दे तिथं," म्हणाली. मी तो बाकावर ठेवला. थोड्या वेळाने ती स्वतः गाडीपाशी गेली, चहावाल्याच्या किटलीतून आपल्यासमोर दुसरा ग्लास भरून घेतला आणि उभ्यानेच प्यायली. मी ठेवलेला चहा गार झाला, त्यावर साय आली.

तेव्हा मी मागचं आठवून बघायला लागले. पाणी ती माठातून स्वतः घेई. भाकरी टोपल्यातून स्वतः उचली, कालवण स्वतः वाढून घेई. सणावारी मी ताट वाढून पुढे केलं, तर "तुमी बसा, मी मागनं घेते" म्हणे. मला वाटायचं, विधवेची सवय, कोणाला तोशीस नको. माझ्या हातचा एक पेला तरी तिने घेतलाय का, हे मी आठवत राहिले. पुढची सहा वर्षं आम्ही एका घरात राहिलो, ती असेपर्यंत मी बघत राहिले, आणि अजून मला खात्रीने सांगता येत नाही.

काचेच्या पेटीपाशी आम्ही आळीपाळीने बसलो. पुतळाला चौथ्या दिवशी चालता येऊ लागलं. ती पेटीच्या काचेवर बोट टेकवून उभी राही. तिने मला काही विचारलं नाही. "काय नाय म्हंजे?" असं ती एकदाच विचारून गेली होती, ते सारवणाच्या दिवशी. मुक्ताबाई तिच्यासाठी स्टूल आणून ठेवी आणि म्हणे, "बस बाय." पुतळा बसे. शिमगा येऊन गेला. सारवलेलं घर बंदच राहिलं.

पुतळाची मुलगी शुक्रवारी, ७ मार्च १९८० रोजी सकाळी साडेआठ वाजता ठाण्याच्या दवाखान्यात वारली. ती नऊ दिवसांची होती. बारसं झालं नव्हतं, त्यामुळे तिचं नाव नाही.